मे महिन्याचे तीन आठवडे



मागील अंकात उन्हाळी शिबिराची छायाचित्रे छापली होती. ती पाहून आपल्या एका वाचक भगिनीने लिहिले, "मुले चित्रे काढतात, मुखवटे करतात, रानात हिंडतात, हे पाहून आनंद झाला. पण ज्या पाड्यावर मे महिन्यात प्यायला पाणी नाही, तिथे हे कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दोन ओळींत देता येणार नाही, म्हणून हा लेख.

शिबिर मे महिन्यातच का?

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या डोंगरपट्टीत येतात. जव्हार गाव समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर आहे. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी असे समाज येथे राहतात. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस कोसळतो. पण उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली कातळ. त्यामुळे पाणी मुरण्याआधीच ओढ्यांतून वाहून जाते. शेती एकाच पिकाची, भात, नागली आणि वरईची. पीक घरात आले आणि दिवाळी झाली, की घरेच्या घरे बिऱ्हाड उचलून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुलेही आईबापांबरोबर जातात.

पाऊस जवळ आला की भट्ट्या थांबतात आणि मे महिन्यात ही माणसे परततात. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. या दोहोंच्या मध्ये जेमतेम तीन आठवडे मिळतात. सहा महिने शाळेपासून तुटलेले मूल याच दिवसांत पुन्हा शाळेकडे वळते, नाहीतर कायमचे सुटते. म्हणून आमचे शिबिर मेच्या उत्तरार्धात असते. सकाळी सात ते साडेदहा, कारण त्यानंतर ऊन डोक्यावर येते आणि मुलींना आईबरोबर पाण्याला जावे लागते.

माझी चूक

ईशज्ञानाची पदविका घेऊन मी या कामात आले, तेव्हा आपल्याला शिकवता येते असा माझा समज होता. पहिल्या वर्षी मी शहरातून रंगवायची पुस्तके आणली. त्यांत बर्फाची माणसे होती, सफरचंदाची झाडे होती. मुलांनी निमूटपणे रंग भरले. एका मुलाने सफरचंदावर बोट ठेवून विचारले, "बाई, टोमॅटो झाडाला लागतो काय?" मी हसले आणि लगेच खजील झाले. तिसऱ्या दिवशी निम्मी मुले आलीच नाहीत.

दारात बसून एक आजी हे सारे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरांना भिंत द्या, बाई. कागदावर त्यांचा हात भितो."

दुसऱ्या दिवशी आजींनी स्वतःच्या घराची बाजूची भिंत दिली. भिंत म्हणजे कारवीचा कूड. त्यावर मुलींनी शेणमातीचे लिंपण केले, ते वाळल्यावर गेरू फासला. आजींनी तांदळाच्या कण्या वाटून पाण्यात कालवल्या. बांबूची काडी दातांनी चावून तिचे टोक मऊ केले. तोच कुंचला. मे महिन्यात घराघरांत तांदूळ मोजून असतो, हे माहीत असल्याने मला अपराधी वाटत होते. मी तसे बोलले, तर त्या म्हणाल्या, "भिंत काय, मूठभरच खाते."

तीन आकार

वारली चित्रात मुख्यतः तीन आकार असतात. वर्तुळ सूर्य-चंद्राचे, त्रिकोण डोंगराचा आणि झाडाचा, चौकोन चौकाचा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचे अंग तयार होते. वर गोल डोके, बाजूंना हातपाय, की माणूस चालू लागतो. ज्या मुलाला अक्षरे आठवत नाहीत, त्यालाही हे पहिल्या तासात जमते. "मला येते," असे त्याला वाटले की तो दुसऱ्या दिवशी येतो. चार दिवसांनी त्याच भिंतीवर आम्ही त्याच काडीने 'डोंगर' हा शब्द लिहितो. शिकवण्याची आमची सारी युक्ती एवढीच आहे.

ही कला मुळात लग्नघरातील. लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात आणि धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. १९७० च्या दशकात डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नविधीबाहेर, रोजचे जगणे कागदावर आणि कापडावर रंगवायला सुरुवात केली आणि ही कला जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले.

येथे आमच्यापुढे एक अवघड प्रश्न आला. शिबिरात चौक काढू द्यायचा का? कोणी म्हणाले, आपण ख्रिस्ती, देवीचे चित्र कसे काढून घ्यायचे? दुसरे म्हणाले, चौकालाच मागणी आहे, तोच विकला जाईल. मी पुन्हा आजींकडे गेले. त्या म्हणाल्या, "चौक लग्नाचा. तो खेळायला काढत नाहीत." मग मला कळले की आम्ही दोन्ही बाजूंनी आपल्याच सोयीचा विचार करत होतो. दुसऱ्याच्या घरातील पवित्र वस्तू आपण पुसायची नाही आणि बाजारातही मांडायची नाही. तेव्हापासून शिबिरात चौक काढला जात नाही. शेत, रान, विहीर, लग्नाची वरात, तारप्याभोवतीचा नाच, हे सारे काढले जाते.

तारप्याच्या बाबतीतही असेच झाले. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि मेण यांचे हे वाद्य. समारोपाला ते वाजवावे, असे मी एका काकांना सुचवले. ते म्हणाले, तारप्याचे दिवस भात पिकल्यावरचे. मी आग्रह धरला नाही. त्यांनी तारपा कसा बांधतात ते मुलांना दाखवले. नाचणाऱ्याने तारप्याला पाठ दाखवायची नसते, म्हणून चित्रातील नाचाची रांग त्याच्याभोवती वळत जाते, हेही सांगितले.

सोंगे आणि रानमेवा

होळीनंतरच्या दिवसांत या भागात गावोगाव बोहाडा होतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात देवादिकांची आणि राक्षसांची सोंगे मुखवटे लावून नाचत येतात. कोणते सोंग कोणत्या घराने घ्यायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. ती सोंगे आम्ही घेत नाही. पण मुखवटा करण्याची रीत मुले घरीच पाहतात, म्हणून कागदाचा लगदा करून ती रानातल्या जनावरांचे मुखवटे बनवतात. गेल्या शिबिरात बिबट्या तीन आणि रानडुकरे पाच झाली. ससा व्हायला कोणी तयार नव्हते!

एक दिवस आम्ही रानात जातो. त्या दिवशी मुले गुरू आणि मी विद्यार्थिनी. पळसाच्या पानाचा द्रोण करून करवंदे गोळा करायची. करवंद फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी. कोणते झाड सरपणाचे, कोणत्याला हात लावायचा नाही, हे मला दहा वर्षांच्या मुलांनी शिकवले. परत येताना सारी झाडे मोजून त्यांची यादी करतो. गणित आणि लेखन दोन्ही होते, आणि शाळा भरली होती हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

एका मुलीचे चित्र

आता मूळ प्रश्नाकडे येते. दोन वर्षांपूर्वी अकरा वर्षांच्या एका मुलीने भिंतीवर शेत काढले नाही. तिने वीटभट्टी काढली. त्रिकोणांच्या माणसांच्या डोक्यावर विटा, बाजूला ट्रक, आणि कोपऱ्यात कडेवर मूल घेतलेली एक छोटी आकृती. "ही कोण?" मी विचारले. "मी," ती म्हणाली. "भावाला बघते."

त्या चित्रामुळे मला कळले की ती शाळा का सोडते. तिच्या वडिलांना शाळा नकोशी नव्हती. धाकट्याला सांभाळणारे कोणी नव्हते. मी सही-शिक्क्याचे कागद घेऊन गेले असते, तर हे मला कोणी सांगितले नसते.

आम्ही मुख्याध्यापकांना भेटलो. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तिच्यात मुलांना गावीच ठेवून जेवण देता येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात घ्यावे लागते आणि जन्माचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. तिच्या आजीशी बोलणे झाले. दिवाळीनंतर मुलगी आणि धाकटा भाऊ आजीकडे राहिले. भाऊ अंगणवाडीत, ती शाळेत. मोठा भाऊ मात्र आईबापांबरोबर भट्टीवर गेला. त्याला आम्ही थांबवू शकलो नाही. हेही लिहिले पाहिजे, कारण या पानांवर फक्त यशच छापले तर आपण प्रार्थना कशासाठी करणार?

ती मुलगी यंदा सातवीत जाईल.

म्हणून, प्रिय भगिनी, हे शिबिर पाण्याच्या ऐवजी नाही. पाण्याचे काम वेगळे चालू आहे आणि त्याचा अहवाल पुढील अंकात देऊ. शिबिर यासाठी, की मुलांनी मनातले सांगावे आणि आम्ही वेळेवर ऐकावे.

कृपया रंगांच्या पेट्या पाठवू नका. गेरू येथे मिळतो आणि तांदळाची मूठ आता आम्हीच नेतो. पाठवायचेच असेल तर जाड कोरा कागद पाठवा, आणि दिवाळीनंतर गावी राहणाऱ्या मुलांसाठी पांघरुणे. डोंगरावर थंडी फार पडते.

आपल्या प्रार्थनेत त्या मोठ्या भावाची आठवण असू द्या.