सव्वा किलोचं यंत्र

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असले की हवेतच पिवळी धूळ तरंगत असते. चोपड्या, वजनकाटा, तिजोरीची मूठ, अडत्याचा पांढरा सदरा, काहीच तिच्या तावडीतून सुटत नाही. अशा पेठेत कापड लावलेला लॅपटॉप विकायला कुणी आला असता, तर अडत्यानं त्याला आधी चहा पाजला असता आणि मग हसत हसत वाटेला लावलं असतं. तसा लॅपटॉप खरोखरच निघाला होता. २ मे २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये मायक्रोसॉफ्टनं ‘सरफेस लॅपटॉप’ जाहीर केला. साडेतेरा इंची टचस्क्रीन, वजन साधारण सव्वा किलो, किंमत ९९९ डॉलरपासून पुढे. कीबोर्डाभोवती, मनगटं टेकतात त्या जागी, अल्कांतारा नावाचं मऊ कापड.

हे कापड पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचं. १९७० साली जपानमधल्या टोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोटो यांनी ते शोधलं, पुढे इटलीत त्याचा कारखाना निघाला आणि महागड्या मोटारींच्या आसनांवर ते जाऊन बसलं. हाताला फार छान लागतं. डिसेंबरात पाचगणी-महाबळेश्वरकडे पहाटे लॅपटॉप उघडला तर पत्रा मनगटाला चावतो, कापड चावत नाही. पण हळदीचा डाग साबणानं धुवायला गेलं की तो आधी लाल होतो, हे सांगलीत घरोघरी ठाऊक असतं. उन्हात वाळवला की तो हळूहळू उडतो, तेही ठाऊक असतं. साडी दोरीवर टाकता येते, कीबोर्ड कसा टाकणार? आता कंपनीनंही कापडाचा नाद सोडला आहे. २०२४च्या मॉडेलला ते नाहीच, सगळा धातू आहे.

यंत्राचं कौतुक करायचं तर आधी वजनाचं करायला हवं. साताऱ्याहून कऱ्हाड, पेठ नाका करत सांगलीला एसटीनं जाणाऱ्याला अडीच किलोचा लॅपटॉप, पाव किलोचा चार्जर आणि खांद्यावरचा पट्टा यांचं नातं समजावून सांगावं लागत नाही. सव्वा किलोचं यंत्र मांडीवर ठेवून माणूस कऱ्हाडपर्यंत अहवाल संपवतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल करणारे, तासगावच्या द्राक्षबागांतून फिरणारे सल्लागार, सांगलीच्या वालचंद किंवा कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातली पोरं, या सगळ्यांना हलकेपणाचा फायदा रोज मिळतो. इतर कुठल्याही गुणाचा तो इतका नियमित मिळत नाही.

दुसरा गुण बॅटरी. पहिल्या मॉडेलला कंपनी साडेचौदा तास सांगत होती, २०२४च्या मॉडेलला वीस. हे तास नुसता व्हिडिओ चालू ठेवून मोजलेले असतात. ब्राउझर, वाय-फाय आणि दिवसाउजेडाला पुरेल इतका प्रखर पडदा धरला तर बरेच कमी भरतात. तरी गावात वीज गेली म्हणून काम थांबत नाही. इन्व्हर्टरवर पंखा आणि राउटर एवढंच ठेवलं की भागतं. चार्जर चुंबकानं चिकटतो, त्यामुळे वायरीत कुणाचा पाय अडकला तर वायर सुटते, लॅपटॉप जमिनीवर येत नाही. घरात लहान मूल असलेल्यांनी या चुंबकाला वेगळे गुण द्यावेत.

पडद्याचा आकार ही मला या यंत्रातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. बहुतेक लॅपटॉप कितीतरी वर्षं सिनेमाच्या मापाचे, म्हणजे आडवे आणि बुटके निघत होते. सरफेसचा पडदा तीनास दोन या प्रमाणात, म्हणजे उंचीला जास्त. देवनागरीला ही उंची लागते. वेलांट्या आणि मात्रा वर, उकार खाली, त्यामुळे मराठी ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त मोकळी जागा सोडावी लागते आणि बुटक्या पडद्यावर तेवढ्यानंच दोन-चार ओळी कमी बसतात. खरेदीखताचा मसुदा वाचणाऱ्या वकिलाला किंवा प्रबंध तपासणाऱ्या प्राध्यापकाला हा फरक पहिल्या दिवशीच कळतो.

आता टचस्क्रीन. जास्तीचे पैसे तिच्यासाठी जातात, जाहिरातीतलं बोट तिच्यावरच फिरत असतं, आणि माझा आक्षेपही तिच्यावरच आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून लॅपटॉपच्या पडद्याला बोट लावायची साथ पसरली. त्याआधी दोनच वर्षं स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की उभ्या पडद्याला हात लावत राहिलं की थोड्या वेळात हात भरून येतो. त्यांच्या कंपनीनं मॅकबुकना पुढेही वर्षानुवर्षं टचस्क्रीन दिली नाही. टेबलाशी बसलेल्या माणसाचा हात कीबोर्डावर असतो. तो उचलून पडद्यापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा यात टचपॅडपेक्षा वेळ जास्तच जातो. फोटो मोठा करून बघणं, नकाशा सरकवणं, समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला ‘इथे बोट ठेवा’ म्हणणं, एवढ्यापुरतं ठीक.

पेननं लिहिता आलं असतं तर गोष्ट वेगळी होती. गणिताच्या शिक्षकाला ऑनलाइन तासाला पडद्यावर समीकरण लिहायचं असतं, वास्तुविशारदाला नकाशावर खूण करायची असते. सरफेस लॅपटॉपच्या जुन्या मॉडेलांना कंपनीचं पेन चालतं. पण बिजागरी ठरावीक कोनापर्यंतच उघडते, पडदा टेबलावर आडवा होत नाही. तिरक्या, हलणाऱ्या पडद्यावर लिहायचं म्हणजे हाताला आधार नाही आणि अक्षराला वळण नाही. ज्याला खरंच लिहायचं आहे त्यानं याच कंपनीचं सरफेस प्रो किंवा पूर्ण उलटा फिरणारा एखादा लॅपटॉप बघावा. शिवाय काच चकचकीत. पठारावरच्या किंवा जतकडच्या उन्हात फाइल उघडली की फाइलपेक्षा स्वतःचा चेहराच स्पष्ट दिसतो.

तरी हे सगळं सवयीनं निभावून जाईल. निभावत नाही ती दुरुस्ती.

या मुलखाला यंत्र उघडून बघायची जुनी खोड आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानानं दिलेल्या माळावर कारखाना काढला, तिथे किर्लोस्करवाडी झाली, आणि कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला पाना हातात धरायची सवय लागली. इंजिन बंद पडलं तर बांधावरच उघडायचं, वायसर बदलायचं, पुन्हा हँडल मारायचं. २०१७चा सरफेस लॅपटॉप या सवयीचा थेट अपमान होता. यंत्रं उघडून त्यांच्या दुरुस्तीला दहापैकी गुण देणाऱ्या ‘आयफिक्सिट’ या अमेरिकी कंपनीनं त्याला शून्य दिलं. कापड फाडल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. बॅटरी गोंदानं चिकटवलेली. प्रोसेसर, रॅम आणि साठवणही मुख्य बोर्डावर डाखलेली.

साठवण डाखलेली असणं म्हणजे काय, ते पुराच्या गावाला कळतं. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. टेबलाखालचा जुना डबा-संगणक बुडाला तरी त्यातली हार्ड डिस्क काढून कुणा जाणकाराकडे नेता येते, नशीब असलं तर हिशेब परत मिळतात. बोर्डच बुडाला आणि साठवण त्यावरच डाखलेली असली तर आशा फारच थोडी. सव्वा किलोचं यंत्र उचलून माडीवर नेणं सोपं, हे मान्य. पण पाणी रात्री येतं तेव्हा आधी माणसं आणि जनावरं हलवतात.

कंपनीला हे उशिरा उमगलं. २०१९च्या सरफेस लॅपटॉप ३ मध्ये रबरी पायांखाली स्क्रू आले, कीबोर्डाचा भाग सरळ उचलता येऊ लागला आणि साठवण काढता येईल अशी झाली. गुण पाचावर गेले. २०२४च्या मॉडेलला आठ मिळाले. आत कुठला स्क्रू कुठला, हे सांगणाऱ्या खुणासुद्धा छापल्या आहेत. रॅम मात्र आजही डाखलेलीच. म्हणजे खरेदीच्या दिवशी जेवढी घेतली तेवढ्यावरच शेवटपर्यंत संसार करायचा. २०१७ साली ज्यांनी चार जीबीवालं स्वस्तातलं मॉडेल घेतलं, त्यांच्या यंत्राला म्हातारपण लवकर आलं. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला, आणि त्या पहिल्या मॉडेलचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाही. पडदा उत्तम, कीबोर्ड उत्तम, धातूला चरा नाही, आणि तरी बँकेच्या कामाला ते वापरावं असं मी कुणाला सांगणार नाही.

नव्या मॉडेलची अडचण निराळी. २०२४ साली त्यात इंटेलऐवजी स्नॅपड्रॅगन प्रोसेसर आला, फोनच्या घराण्यातला. बॅटरी त्यामुळेच टिकते, यंत्र थंड राहतं. जुने इंटेलचे प्रोग्राम दुभाषा मध्ये ठेवून चालतात, बरेचसे चांगले चालतात. पण यूएसबीला लावायच्या उपकरणांचा ड्रायव्हर या प्रोसेसरसाठी वेगळा लिहिलेला नसला तर दुभाषा कामाला येत नाही. आणि आपल्याकडे निम्मं कामकाज अशा उपकरणांवर चालतं: सीएच्या कार्यालयातलं डिजिटल सहीचं टोकन, डीटीपीवाल्याच्या जुन्या मराठी फॉन्टचं डोंगल, पतसंस्थेतला पासबुक छापणारा प्रिंटर. विद्यार्थ्याला, पत्रकाराला, प्राध्यापकाला याची झळ फारशी लागणार नाही. मराठी टायपिंग विंडोजमध्येच मिळतं, इनस्क्रिप्टही आणि उच्चारानुसारही.

माझं मत विचाराल तर फिरतीवर असणाऱ्या आणि मुख्यतः लिहिण्या-वाचण्याचं काम करणाऱ्या माणसानं हे यंत्र घ्यावं, सोळा जीबीच्या खालचं घेऊ नये, आणि टचस्क्रीनसाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. दुकान, अडत, पतसंस्था सांभाळणाऱ्यानं जाड, कुरूप, इंटेलवाला आणि स्क्रूनं उघडणारा लॅपटॉप घ्यावा. उरलेल्या पैशांत चांगला यूपीएस येतो. आणि दोघांनीही पैसे देण्याआधी आपलं टोकन, डोंगल आणि पेन ड्राइव्ह खिशात घालून दुकानात जावं, तिथेच लावून बघावं, आणि दुरुस्तीला यंत्र नक्की कुठल्या गावाला जाणार, हे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावं.