कोबे : चिंचोळ्या पट्टीवरचे बंदर

जपानमधील कोबे शहराच्या उत्तरेला रोक्को पर्वतरांग, दक्षिणेला ओसाकाचा उपसागर आणि दोहोंमध्ये पूर्व-पश्चिम पसरलेली चिंचोळी पट्टी आहे. डोंगराच्या पायथ्याशीच खोल पाणी मिळत असल्याने येथे उत्तम नैसर्गिक बंदर लाभले. १ जानेवारी १८६८ रोजी ते परदेशी व्यापारासाठी खुले झाले. मुंबईशी त्याचे नाते जुने आहे. जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कंपनीने १८९३ मध्ये मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू केली आणि मुंबईचा कापूस जपानी गिरण्यांपर्यंत पोहोचू लागला.

शहराच्या दळणवळणाचे केंद्र म्हणजे सान्नोमिया. जेआर, हांक्यू व हान्शिन या तिन्ही रेल्वे येथे एकत्र येतात. भुयारी रेल्वेने एकच स्थानक पुढे गेले, की शिन-कोबे हे बुलेट ट्रेनचे स्थानक लागते. १९८१ मध्ये सुरू झालेली चालकविरहित 'पोर्ट लायनर' भराव घालून उभारलेल्या पोर्ट आयलंडकडे जाते.

मात्र, सारे मार्ग एकाच पट्टीतून समांतर जाणे हा मोठा धोका होता. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपाने तो उघड केला. ६,४०० हून अधिक बळी घेणाऱ्या या आपत्तीत उन्नत द्रुतगती मार्ग आडवा झाला, तिन्ही रेल्वे खंडित झाल्या आणि बंदराचे बहुतेक धक्के निकामी झाले. जेआरची वाहतूक एप्रिलमध्ये, तर हांक्यू व हान्शिनची जूनमध्ये पूर्ववत झाली. द्रुतगती मार्ग पूर्ण खुला व्हायला सप्टेंबर १९९६ उजाडला, तर बंदराची पुनर्बांधणी मार्च १९९७ मध्ये संपली.

त्यानंतर शहराला नव्या वाटा मिळाल्या. १९९८ मध्ये ३,९११ मीटर लांबीचा आकाशी सामुद्रधुनी पूल खुला झाला. २००६ मध्ये कृत्रिम बेटावरील विमानतळ सुरू होऊन पोर्ट लायनर तेथपर्यंत पोहोचली. एप्रिल २०२५ पासून तेथे आंतरराष्ट्रीय चार्टर विमानेही उतरू लागली.

धक्के पुन्हा उभे राहिले, पण जहाजे पूर्वीइतकी परतली नाहीत. कोबेमार्गे अन्य देशांत जाणारा बराचसा माल दक्षिण कोरियातील बुसानसारख्या बंदरांकडे वळला आणि तिकडेच राहिला. बांधकाम दोन वर्षांत पूर्ण करता येते, व्यापाराचा मोडलेला शिरस्ता मात्र सहजी पुन्हा बसत नाही, हा कोबेचा अनुभव प्रत्येक बंदर-शहराने लक्षात ठेवावा असा आहे.