वरची खोली

परवा आहुप्याला गेलो होतो. कड्यावरून कोकण पाहावे आणि देवराईत दुपार घालवावी, एवढाच बेत. देवळाच्या ओसरीवर जटा वाढलेला एक माणूस स्वतःशीच पुटपुटत बसलेला. “शेवटच्या एस. टी. नं आला. कुठला, ठावं न्हाई. पाळीपाळीनं भाकर देतो,” एक आजी म्हणाल्या. भाकर होती; औषध कुठले?

याच सह्याद्रीच्या पायथ्याशी, कर्जतला, डॉ. भरत वाटवानींची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावरच्या अशा रुग्णांवर उपचार करते, गाव आठवले की घरी पोचवते. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या पाहुण्याबद्दल मी तिथे कळवले.

पण घरच्यांनीच दार लावून घेतले तर? केवळ घर नाही म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवू नये, असे २०१७ चा कायदा सांगतो. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ने तर आधीच साधी तोड काढली होती: चारचौघांच्या वस्तीत भाड्याचे घर, त्यात चार-पाच जणी, सोबतीला मदतनीस. मंडई, स्वयंपाक, औषधाच्या वेळा. आमटीत मीठ दोनदा पडत असेल. कुणाच्या घरी पडत नाही?

हे सारे हिला सांगितले. ती म्हणाली, “आपल्या वाड्यातली वरची खोली रिकामीच आहे की. मालकांना विचारता का?”

अजून विचारलेले नाही.