प्लॅस्टिकच्या पोटातले पाणी

प्लॅस्टिकची बादली आणि मेणबत्ती ही जवळची भावंडे आहेत, असे सांगितले तर खरे वाटेल का? पॉलिएथिलीन काय, पॉलिप्रॉपिलीन काय किंवा मेण काय, सारी कार्बन आणि हायड्रोजन यांचीच बनलेली. म्हणून ती पेटतातही सारखीच. खरे पाहता घन प्लॅस्टिक जळत नाही. उष्णतेने त्याचे लांबलचक रेणू तुटतात, त्यांतून ज्वालाग्राही वायू निघतात आणि ते जळतात. त्या ज्योतीच्या उष्णतेने आणखी रेणू तुटतात. हे चक्र थांबवायचे तर ते कोठे तरी तोडले पाहिजे.

सर्वांत साधी युक्ती पाण्याची. प्लॅस्टिकमध्ये पाणी कसे मिसळणार, असे तुम्ही विचाराल. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पांढरी भुकटी पाहा. हाताला अगदी कोरडी. पण सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापली, की तिचे विघटन होऊन वाफ निघते. रेणुभारांवरून हिशेब करा: १५६ ग्रॅम भुकटीतून ५४ ग्रॅम पाणी, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिकच! विघटनाला लागणारी उष्णता प्लॅस्टिकमधून घेतली जाते, वाफेने ज्वालाग्राही वायू विरळ होतात आणि मागे राहिलेल्या ऑक्साइडचे पांघरूण पडते. विजेच्या केबलींच्या वेष्टनात ही भुकटी वापरतात.

पॉलिप्रॉपिलीनला साच्यात घालण्यापूर्वी २०० अंशांच्या वर तापवावे लागते. मग भुकटीतले पाणी कारखान्यातच उडून जायचे! तेथे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घालतात. ते सुमारे ३०० अंशांपर्यंत दम धरते. अडचण एकच, पण मोठी. मिश्रणात वजनाने बहुधा निम्म्याहून अधिक भुकटी लागते, आणि प्लॅस्टिक जड व ठिसूळ होते.

ब्रोमीनची संयुगे त्या मानाने थोडी पुरतात. त्यांतून निघणारे हायड्रोजन ब्रोमाइड ज्योतीतील चपळ मूलकांना पकडते आणि ज्वलनाची साखळी तुटते. युक्ती नामी खरी. परंतु १९७३ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात असे संयुग चुकून गुरांच्या खाद्यात मिसळले गेले. हजारो गुरे मारून पुरावी लागली. दूध-मांसावाटे ते माणसांच्या शरीरात गेले आणि चरबीत वर्षानुवर्षे टिकून राहिले. त्यातील मुख्य घटक, हेक्साब्रोमोबायफेनिल, २००९ साली स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत आला. याच्या भाऊबंदांपैकी काही जुन्या दूरचित्रवाणी संचांच्या पेट्यांत अजूनही आहेत. असे भंगार उघड्यावर जाळले, की त्यांतून डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात.