बंधक्रम आणि बंधलांबी : लोणार सरोवरातील कार्बोनेटच्या संदर्भात

प्रस्तावना : बंधक्रम वाढला की बंधलांबी कमी होते, हे विधान विद्यार्थी पाठ करतात, परंतु त्यामागील कारण व त्याची मर्यादा क्वचितच ध्यानात घेतात. बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर या दृष्टीने उत्तम उदाहरण ठरते. या पाण्याचा सामू सुमारे १० असून त्यात सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट विरघळलेले आहेत. तेथील क्षारांना पूर्वीपासून ‘दल्ला’, ‘पापडी’ अशी नावे आहेत.

विवेचन : दोन अणूंमध्ये सामायिक असलेल्या इलेक्ट्रॉन-जोड्यांची संख्या म्हणजे स्थूलमानाने बंधक्रम होय. दोन केंद्रकांमधील इलेक्ट्रॉन-घनता वाढली की आकर्षण वाढते व केंद्रके जवळ येतात. मिथेनॉलमधील कार्बन-ऑक्सिजन एकेरी बंध सुमारे १.४३ अँगस्ट्रॉम, फॉर्माल्डिहाइडमधील दुहेरी बंध १.२१, तर कार्बन मोनॉक्साइडमधील तिहेरी बंध १.१३ अँगस्ट्रॉम लांबीचा असतो.

कार्बोनेट आयनाची रचना फळ्यावर काढताना आपण एक दुहेरी व दोन एकेरी बंध दाखवितो. प्रत्यक्षात क्ष-किरण विवर्तनाने तिन्ही बंध समान, सुमारे १.२९ अँगस्ट्रॉम लांबीचे आढळतात. संस्पंदनामुळे चार बंध-जोड्या तीन स्थानांवर विभागल्या जातात. म्हणून बंधक्रम ४/३, म्हणजे १.३३ येतो.

या आयनास एक प्रोटॉन जोडला गेला की बायकार्बोनेट तयार होतो व ही समानता भंग पावते. हायड्रोजनयुक्त ऑक्सिजनशी असलेला बंध सुमारे १.३५ अँगस्ट्रॉमपर्यंत लांबतो. उरलेले दोन सुमारे १.२६ पर्यंत आखूड होतात. कार्बोनिक आम्लाच्या दुसऱ्या विघटनाचा पीकेए सुमारे १०.३ असल्याने लोणारच्या पाण्यात ही दोन्ही रूपे एकत्र नांदतात.

मर्यादा : केवळ बंधक्रमावरून लांबी ठरत नाही. कार्बन डायऑक्साइड व फॉर्माल्डिहाइड या दोहोंत बंधक्रम २ असूनही लांबी अनुक्रमे १.१६ व १.२१ अँगस्ट्रॉम आहे. कारण कार्बनचे संकरण भिन्न आहे. म्हणूनच मिथेनॉलमधील १.४३ या लांबीशी कार्बोनेटची थेट तुलना करणे सदोष ठरते. तुलना शक्यतो समान संकरणाच्या रेणूंमध्येच करावी.

निष्कर्ष : कागदावरील संस्पंदन-रचना ही केवळ लेखनपद्धती आहे, मोजलेली बंधलांबी हे वास्तव आहे. अध्यापनात आधी मोजमापे मांडून नंतर रचनेकडे वळल्यास, कार्बोनेटमधील बंध सतत आपली जागा बदलतात हा विद्यार्थ्यांचा रूढ गैरसमज टाळता येईल.