चंदनाचं तेल आणि दाबाखालचा वायू

चंदनाचं तेल काढणं हे मुळात वाट पाहण्याचं काम आहे. झाड लावल्यावर गाभा धरायलाच दहा-बारा वर्षं जातात, तो चांगला भरायला पंचवीस-तीस. बाहेरचं पांढरं लाकूड बिनवासाचं. तेल असतं ते पिवळट-तपकिरी गाभ्यात आणि मुळांत. त्यात हे झाड अर्धपरोपजीवी. शेजारच्या झाडाच्या मुळांना आपली मुळं चिकटवून ते पाणी आणि क्षार ओढून घेतं, म्हणून चंदनाच्या जोडीला तूर, करंज किंवा सुरू लावावाच लागतो. एवढ्या वर्षांनी हाती आलेल्या किलोभर गाभ्यातून तेल निघतं ते साधारण वीस ते साठ ग्रॅम. ते चोथ्यात राहून जावं, हे कुणाच्याही जिवावर येईल.

वाईच्या कृष्णाकाठच्या देवळांत सहाणेवर खोड उगाळलं जातं, तेव्हा देवाला लागते ती लाकडाची ओली पूड. तेल तिच्यातच राहतं. ते वेगळं करायची जुनी रीत म्हणजे वाफ. अडचण अशी, की या तेलाचा प्राण असलेलं सँटॅलॉल ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. वाफेबरोबर ते थेंबाथेंबानं येतं आणि भट्टी दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त, पेटती ठेवावी लागते. पहिल्या महायुद्धापूर्वी म्हैसूरचं लाकूड ऊर्ध्वपातनासाठी जर्मनीला जात असे. युद्धानं ती वाट बंद झाली आणि १९१६ मध्ये म्हैसूर संस्थाननं बंगळुरात स्वतःचा तेलाचा कारखाना काढला. म्हैसूर सँडल साबणाची गोष्ट तिथूनच सुरू होते.

दुसरी रीत आगीवर नव्हे, दाबावर चालते. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या दाबाच्या सुमारे ७३ पट दाबाखाली गेला, की तो धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये या क्रांतिक बिंदूचं सविस्तर वर्णन केलं. या अवस्थेत तो वायूसारखा लाकडाच्या बारीक रंध्रांत शिरतो आणि द्रवासारखं तेल विरघळवून घेतो. जर्मनीत कुर्ट झोसेल यांनी हाच गुण वापरून कॉफीतलं कॅफिन काढून दाखवलं. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ममता मुखोपाध्याय यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केलं. त्यांचा ग्रंथ २००० साली प्रसिद्ध झाला.

यंत्र पाहताना नजर आधी जाते ती जाड पोलादी उभ्या नळकांड्याकडे. त्यात चंदनाची भुकटी भरायची. फार बारीक नको, नाहीतर ती दाबून बसते आणि वायू एखादीच वाट धरतो. पंप दाब चढवतो, तापमान चाळीस ते साठ अंशांत राहतं. तेल घेऊन निघालेला वायू झडपेतून कमी दाबाच्या भांड्यात सुटतो. तिथे तो इतका गार होतो, की झडप तापवली नाही तर तिच्यावर बर्फ धरतो. दाब उतरताच तेल खाली बसतं, वायू पुन्हा पंपाकडे जातो. दिवसांचं काम तासांवर येतं आणि तेलात द्रावकाचा मागमूस उरत नाही.

यात एक मेख आहे. दाब वाढवत नेला तर तेलाबरोबर मेण आणि जड द्रव्यंही येतात, म्हणून दाब टप्प्याटप्प्यानं उतरवून त्यांना वेगळ्या भांड्यांत पाडावं लागतं. या तेलाचा वास ताज्या लाकडाच्या जवळचा. वाफेच्या तेलावर वाढलेल्या अत्तरवाल्याला तो अनोळखी वाटेल. मला तोच जास्त खरा वाटतो.

पण एवढं महागडं यंत्र चंदनाच्या जिवावर चालणार नाही, कारण लाकूडच नाही. कृष्णाकाठी मात्र त्याला बारमाही काम आहे. वाईची हळद, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद, साताऱ्याचं आलं. हळदीतलं सुगंधी तेल हा वायू सहज उचलतो. रंगाचं कर्क्युमिन त्यात फारसं विरघळत नाही, ते बहुतांश पुडीतच राहतं. म्हणजे एकाच मालातून दोन वस्तू मिळतात. वायूचीही वाण नाही. वाई तालुक्यातच भुईंजला किसन वीर साखर कारखाना आहे, आणि मळी आंबवून अल्कोहोल करताना किलोभर अल्कोहोलमागे जवळजवळ तेवढाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. आसवनीतला हा वायू गोळा करून शुद्ध करता येतो. हळद-आल्यानं यंत्राचा खर्च भागवावा आणि मध्येच, नळकांडं बिनवासाचं होईपर्यंत धुऊन, चंदनाचा घाणा घ्यावा, हा हिशेब मला पटतो.

चंदन शेतात टिकायला मात्र यंत्राचा उपयोग नाही. कर्नाटकानं २००१ मध्ये आणि तमिळनाडूनं २००२ मध्ये कायदा बदलून झाडाची मालकी लावणाऱ्याला दिली. महाराष्ट्रात तोडीला परवानगी लागते, आणि चोर तिची वाट पाहत नाहीत. गाभा धरलाय का हे बघायला ते खोडाला भोक पाडतात, नसला तर झाड तसंच सोडून पुढच्या बांधावर जातात. पंधरा वर्षं राखण करायची तयारी असलेल्या शेतकऱ्याला परवाना वेळेवर आणि पोलिसांचं पाठबळ मिळालं, तरच वाईच्या शिवारातलं लाकूड त्या नळकांड्यापर्यंत पोचेल.