मुक्या संगणकाचा तपास

विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले, आणि तिच्या उत्तराधिकारी प्रणालीला जे नवे प्रोसेसर व सुरक्षेची जी अंगे आवश्यक वाटतात ती ज्यांच्यापाशी नाहीत, असे कितीतरी सुस्थितीतील संगणक निवृत्तीच्या यादीत गेले. रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे घरचे वर्षाचे अंदाजपत्रक सोयाबीनच्या हंगामावर ठरते, तेथे अशी चालती यंत्रे अडगळीत टाकणे सर्वथा अनुचित होय. त्यांवर उबुंटू, मिंट अथवा डेबियन यांपैकी एखादी लिनक्स प्रणाली बसविणे हा शहाणपणाचा आणि बिनखर्ची मार्ग आहे. प्रणाली बसते, पडद्यावर मराठी अक्षरे उमटतात, वायफाय जोडले जाते; आणि मग एखादे गाणे लावावे तर पट्टी पुढे सरकत राहते, पण आवाजाचा पत्ता नसतो. याच क्षणी पुष्कळ नवशिके धीर सोडतात आणि संपूर्ण प्रणाली पुसून पुन्हा बसवितात. हा श्रम बहुधा व्यर्थ असतो, कारण हरवलेले काहीच नसते. मार्गातले एखादे दार मात्र बंद असते.

आवाज ही चैनीची बाब आहे, तो नसला तरी टंकलेखन आणि हिशेब अडत नाहीत, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन इत्यादी विषय सुमारे दहा-दहा मिनिटांच्या पाठांतून शिकवितो, आणि त्यातील बरेच पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत. एकीकडे पाठ चालू ठेवायचा, दुसरीकडे तीच कृती स्वतः करून पाहायची, अशी त्याची योजना आहे. शिकवणीला दूरच्या शहरी जाणे ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी हा घरबसल्या मिळणारा गुरू आहे, आणि त्याचे अध्यापन मुख्यतः कानांवाटे होते. दृष्टिहीन विद्यार्थ्याची गोष्ट तर याहूनही गंभीर. ग्नोम या डेस्कटॉपवर आल्ट, सुपर आणि एस या कळा एकत्र दाबल्या की ‘ओर्का’ हा वाचक जागा होतो, आणि ‘ईस्पीक’ या वाणीयंत्राच्या साहाय्याने, ज्याला मराठीही येते, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवितो. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने आवाज नसलेला संगणक म्हणजे बंद पडलेलाच संगणक.

आवाज कोठे अडला हे शोधण्यापूर्वी तो कोणत्या क्रमाने जातो हे समजून घेतले पाहिजे. तहसील कचेरीत दिलेला अर्ज जसा एका मेजावरून दुसऱ्या मेजावर, प्रत्येकाचा शेरा घेत घेत, शेवटी हुकुमापर्यंत पोहोचतो, तसाच गाण्याचा ध्वनी प्रथम त्या कार्यक्रमाकडून ध्वनिव्यवस्थापकाकडे, तेथून कर्नलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, चालकाकडे (ड्रायव्हरकडे), चालकाकडून साउंड कार्डाकडे आणि कार्डाकडून स्पीकरकडे जातो. अर्ज कोणत्या मेजावर अडला आहे हे न पाहता नवा अर्ज लिहून देणाऱ्याचे काम होत नाही. युनिक्सच्या कुळातील प्रणालींचा मोठा गुण हा की त्यांचे दप्तर खुले असते. विचारणारा भेटला की प्रत्येक मेज आपली नोंद दाखविते.

ही व्यवस्था एका दिवसात सिद्ध झालेली नाही. १९९२ च्या सुमारास फिनलंडच्या हान्नू सावोलाइनेन यांनी लिनक्ससाठी साउंड ब्लास्टर कार्डाचा चालक लिहिला, आणि त्यातून पुढे ‘ओएसएस’ ही पद्धती रूढ झाली. त्या काळच्या नवशिक्याला कार्डाचा पत्ता २२०, व्यत्यय-क्रमांक ५, डीएमए १ असे आकडे स्वतः भरावे लागत, आणि एक आकडा चुकला की कार्ड मौन धरी. १९९८ मध्ये झेक प्रोग्रामर यारोस्लाव किसेला यांनी ‘अल्सा’ हा नवा प्रकल्प आरंभिला. डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६ या कर्नलपासून तीच लिनक्सची मुख्य ध्वनिव्यवस्था ठरली. तिच्यावर २००७ पासून फेडोरा या लिनक्स प्रणालीत आणि नंतर इतरत्र ‘पल्सऑडिओ’ हा ध्वनिव्यवस्थापक आला, आणि आता बहुतेक प्रमुख प्रणालींत त्याची जागा विम टायमन्स यांच्या ‘पाइपवायर’ने घेतली आहे. आजच्या नवशिक्याला आकडे भरावे लागत नाहीत, हे या मंडळींचे आपल्यावरील ऋण आहे.

आता प्रत्यक्ष तपास. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत, ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली असता संगणकात बसविलेल्या उपकरणांची यादी मिळते; तीत ‘ऑडिओ’ शब्द असलेली ओळ दिसली म्हणजे कार्ड अस्तित्वात आहे, आणि हल्ली ते बहुधा मदरबोर्डवरच असते. पुढे ‘प्रॉक’ या निर्देशिकेतील ‘असाउंड’ विभागातली ‘कार्ड्स’ ही फाइल वाचावी. तेथे कार्डाचे नाव असेल तर चालकाने त्याचा ताबा घेतला आहे. कार्ड नाही असा मजकूर असेल तर अडचण चालकाची किंवा फर्मवेअरची, म्हणजे उपकरणात भरावयाच्या संहितेची, समजावी. काही नव्या लॅपटॉपांना ‘साउंड ओपन फर्मवेअर’ निराळे लागते, आणि ते नसले की आवाजाच्या सेटिंगांत खऱ्या उपकरणाऐवजी ‘डमी आउटपुट’ असे नाव दिसते. डेबियनने २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर स्थापनेच्या माध्यमातच देण्यास प्रारंभ केला, त्यामुळे हा त्रास पुष्कळ उणावला आहे.

कार्ड ओळखले गेले आहे, तरीही शांतता आहे, ही अवस्था मात्र सर्वांत अधिक आढळते, आणि तिचे निवारण सर्वांत सोपे आहे. अल्साच्या जुन्या रिवाजाप्रमाणे कार्डाच्या वाहिन्या आरंभी बंदच असत, आणि त्या उघडणे हे वापरणाऱ्याचे काम मानले जाई. आज प्रणाली बहुधा त्या आपणहून उघडते, पण एखादी राहून जाते. टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ लिहून एंटर दाबावे. उभ्या पट्ट्या दिसतील. एफ ६ या कळेने खरे कार्ड निवडावे. ‘मास्टर’, ‘स्पीकर’, ‘हेडफोन’ किंवा ‘पीसीएम’ यांपैकी एखाद्या पट्टीखाली ‘एमएम’ अशी अक्षरे असतील तर ती वाहिनी मुकी आहे. बाणाच्या कळेने तिच्यावर जाऊन ‘एम’ दाबावे आणि वरच्या बाणाने पातळी चढवावी. एवढ्यानेच बोलू लागणारे संगणक थोडे नाहीत.

तरीही आवाज आला नाही तर तो भलत्या दारी गेला आहे काय, हे पाहावे. एचडीएमआय तारेने मॉनिटर जोडला असता त्या तारेतून जाणारा ध्वनी प्रणालीला स्वतंत्र उपकरण भासतो, आणि मॉनिटरला स्पीकर नसला तरी गाणे निमूटपणे तिकडे रवाना होते. सेटिंगांतील ‘आउटपुट’मध्ये योग्य उपकरण निवडले की प्रश्न सुटतो. परवानगीचा अडथळा आता क्वचितच येतो. पूर्वी वापरणाऱ्याचे नाव ‘ऑडिओ’ या गटात नोंदवावे लागे, आज यंत्रासमोर बसून लॉगिन करणाऱ्याला ती परवानगी आपोआप मिळते. लिनक्सऐवजी युनिक्सच्याच कुळातील फ्रीबीएसडी ही प्रणाली वापरणाऱ्यांनी ‘डेव्ह’ निर्देशिकेतील ‘एसएनडीस्टॅट’ ही फाइल वाचावी. तपासाचा क्रम तोच राहतो.

या साऱ्याच्या आधीची एक खबरदारी मी आग्रहाने सांगेन. लिनक्स संगणकावर कायमची बसविण्यापूर्वी ती पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. त्या अवस्थेत एखादे गाणे लावून आवाज येतो की नाही याची खात्री करावी, म्हणजे जुनी प्रणाली पुसण्याचा निर्णय डोळसपणे घेता येतो.

मायक्रोफोनसाठीही अल्सामिक्सरच उपयोगी पडतो. एफ ४ दाबले की आत येणाऱ्या ध्वनीच्या पट्ट्या समोर येतात. ‘कॅप्चर’ या पट्टीवर स्पेसबार दाबला की ध्वनिग्रहण सुरू होते, आणि पातळी मध्यावर ठेवल्यास खरखर कमी राहते. त्यापुढे ‘ऑडॅसिटी’ हा विनामूल्य कार्यक्रम बसवून घ्यावा, आणि शाळेतील एखाद्या शिक्षकाने किंवा मोठ्या विद्यार्थ्याने स्पष्ट उच्चारांत पाठ्यपुस्तकातील धडे ध्वनिमुद्रित करून ज्यांना ते वाचता येत नाहीत त्यांच्या संगणकावर घालून द्यावेत. जुन्या संगणकाची ताकद या कामाला पुरेशी आहे.